चालते ते बदलावे काय?

एखाद्या वस्तूने वर्षानुवर्षे आपले काम बिनतक्रार केले, आणि आता केवळ तिच्याहून नवी निघाली म्हणून ती टाकून द्यावी काय? हा प्रश्न आजचा नाही. पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, रॉकेलचा स्टोव्ह जाऊन गॅस आला, तेव्हाही तो घराघरांतून विचारला गेला. 'जुने ते सोने' म्हणणारे एका बाजूला आणि नव्याच्या मागे धावणारे दुसऱ्या बाजूला, असा हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु आज आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर जो संगणक बसला आहे, त्याने हाच प्रश्न असा विचारला आहे की, नुसत्या म्हणीने त्याचे उत्तर देता येत नाही.

ज्या वाचकांना या विषयाची सवय नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे स्पष्टीकरण. संगणकाला चालवणारा जो मूळ कार्यक्रम असतो त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटणे, नातवंडांचे फोटो जागच्या जागी सापडणे, छापण्यासाठी प्रिंटरकडे मजकूर पाठवणे, ही सारी देखरेख त्याच्याकडे असते. जुन्या वाड्यात जसा दिवाणजी असे, तसाच हा. मालक बैठकीवरून हुकूम सोडी. पण कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची, हे दिवाणजीलाच ठाऊक असे. घरगुती संगणकांत सर्वांत अधिक आढळणारा दिवाणजी म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' सिस्टीम. तिची दहावी आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि अकरावी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. पुढे ठरल्याप्रमाणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने दहाव्या आवृत्तीची नेहमीची मोफत देखभाल थांबवली.

आता यातली मौज अशी की, १५ ऑक्टोबरच्या सकाळी ते संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. काही मोडले नाही, कोणाचे पत्र हरवले नाही. म्हणूनच पुष्कळ जण म्हणतात, 'माझे चालले आहे ना? मग मी कशाला बदलू?' हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. त्यात काटकसर आहे, हाताला बसलेल्या सवयीची कदर आहे, आणि जाहिरातींवर विश्वास न ठेवण्याचा शहाणपणाही आहे. तरीही हे म्हणणे पुरेसे आहे काय, हे पाहिले पाहिजे.

माझ्या मते इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक दुरुस्ती आणि दुसरा बदल. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी दगडी जाते असे. रोजच्या दळणाने त्याचे दात झिजत आणि मग टाकी लावायला माणूस बोलवावा लागे. जाते तेच, जागा तीच, ओव्या त्याच; फक्त दगड पुन्हा खरखरीत करायचा. ही झाली दुरुस्ती. पुढे गावात गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, तो झाला बदल. टाकी लावायची की नाही, यावर कोणत्या घरात वाद झाला नसेल. गिरणीत जायचे की नाही, यावर मात्र सासू-सुनांचे अबोले झाले. संगणकाचेही तसेच आहे. दर महिन्याला येणारी सुरक्षेची लहान दुरुस्ती ही एक गोष्ट, आणि दहावरून अकरावर जाणे ही दुसरी. पहिलीला उशीर करण्याचे सहसा चांगले कारण नसते. दुसरीला विचार करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा टाकी लावणारा सांगून जातो की, यापुढे या जात्याला मी हात लावणार नाही.

ही टाकी इतकी महत्त्वाची का? कारण लाखो ओळींच्या या कार्यक्रमांत माणसाच्या हातून फटी राहतात. त्या हळूहळू सापडतात. कधी त्या चांगल्या माणसाला आधी सापडतात, कधी चोराला. फट सापडली की कंपनी ती बुजवण्याचा तुकडा पाठवते. यातला धोका लोकांनी डोळ्यांनी पाहिला तो २०१७ साली. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारी दुरुस्ती काढली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी कार्यक्रम त्याच फटीतून जगभर पसरला. तो संगणकातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागे. कोणी काही दाबण्याचीही गरज नव्हती. एका यंत्रातून तो शेजारच्या यंत्रात आपला आपणच शिरत होता. सुमारे १५० देशांतली दोन लाखांहून अधिक यंत्रे त्याने धरली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णालय-संस्थांच्या कामात खोळंबा झाला, आणि रुग्णांच्या अंदाजे १९,००० भेटी व उपचार रद्द करावे लागले असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी नमूद केले.

या घटनेतला एक तपशील मला फार बोधप्रद वाटतो. लोक समजले की, हा सारा अनर्थ जुनाट विंडोज एक्सपीमुळे झाला. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती, आणि कंपनीला त्या आवृत्तीसाठीही मे २०१७ मध्ये अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली, हे खरे. परंतु इंग्लंडच्या आरोग्यसेवेत जी यंत्रे सापडली त्यांतली बहुसंख्य विंडोज ७ ची होती. त्या आवृत्तीची देखभाल तेव्हा चालू होती. ती १४ जानेवारी २०२० पर्यंत चालली. म्हणजे औषध घरात होते, फक्त घेतले नव्हते. तेव्हा दोष जुनेपणाला देऊन मोकळे होता येत नाही. खरा दोष होता तो फट ठाऊक असून ती उघडी ठेवण्याचा.

इथे आपल्या प्रश्नाला नीतीचा रंग चढतो. माझ्या परसातली माझी एकट्याची विहीर मी उघडी ठेवली, तर फार तर माझाच पोहरा त्यात पडेल. पण तीच विहीर वाटेच्या कडेला असेल, तर तिला कठडा बांधणे हा माझ्या लहरीचा प्रश्न उरत नाही. इंटरनेटला जोडलेला संगणक ही वाटेच्या कडेची विहीर आहे. त्यात फक्त माझे काही नसते. माझ्या बहिणीचा पत्ता त्यात असतो, शेजाऱ्याने विश्वासाने पाठवलेले कागद असतात, कोणाच्या तरी दुखण्याची हकिगत असते. चोर माझ्या नावाने त्या सर्वांना पत्र लिहू शकतो, आणि ते माझे नाव पाहून ते उघडतात. 'मी म्हातारा माणूस, माझ्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' असे आपण म्हणतो तेव्हा आपण एक गोष्ट विसरतो. आपल्याकडे सर्वांत मोलाचे जे असते ते म्हणजे आपल्यावर लोकांचा असलेला विश्वास, आणि तोच तर चोराला हवा असतो.

इतके वाचून एखादा तरुण वाचक म्हणेल, 'झाले तर मग! ताबडतोब अकरा घ्या आणि विषय संपवा.' थांबा. दुसरी बाजू तितक्याच आस्थेने ऐकली पाहिजे.

पहिली गोष्ट, नवीन म्हणजे निर्दोष असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चीच एक मोठी सुधारणा आली. ती घेतल्यावर काही लोकांच्या फायली नाहीशा झाल्या, आणि कंपनीला काही दिवसांतच तिचे वाटप थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या संरक्षण-कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष सुधारणेने विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली. विमाने जमिनीवर राहिली. म्हणजे रखवालदारच दारात आडवा झाला! तेव्हा जो म्हणतो, 'जरा थांबू, इतरांचे काय होते ते पाहू, आधी आपल्या वस्तूंची एक प्रत बाजूला काढून ठेवू,' तो मागासलेला नसून विचारी आहे.

दुसरी गोष्ट सवयीची. ज्याच्या हाताला एक मांडणी बसली आहे, त्याच्या स्वयंपाकघरातले डबे कोणी परस्पर हलवले तर त्याला मीठ सापडत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला संगणकाच्या पडद्यावरची चित्रे जागची हलली की तसेच होते. त्यात आपल्या लोकांचे एक वेगळेपण आहे. एकाच यंत्रावर आपल्याला डावीकडून उजवीकडे मराठी, उजवीकडून डावीकडे हिब्रू आणि मध्येच कुठे इंग्रजी लिहायचे असते. तीन कळफलक आलटून पालटून वापरायला शिकलेल्या आजोबांना 'त्यात काय आहे? दोन मिनिटांत शिकाल' असे म्हणणे सोपे आहे. पण ती दोन मिनिटे त्यांच्या दोन महिन्यांची असतात. हा खर्च कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, तरी तो खराच असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी कोकणातल्या आपल्या गावच्या आठवणी वीस वर्षांपूर्वी संगणकावर टाइप करून ठेवल्या होत्या. घर, माड, बैलगाडी, भाऊबंदांची नावे, कोणाचे लग्न कोणत्या साली झाले, असे सारे. नातू सुट्टीवर आला, आजोबांचे यंत्र जुने झाले म्हणून त्याने प्रेमाने नवे आणले, सर्व फायली त्यात भरल्या आणि जुने यंत्र पुनर्वापरासाठी देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी आजोबांनी फाइल उघडली, तर मराठीचे एक अक्षर नाही! सगळा रोमन अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा ठेवा असेल. पूर्वीच्या बहुतेक मराठी टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, संगणक आत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवी, आणि टंक त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवी. म्हणजे आत एक आणि वर मुखवटा दुसरा. तो टंक नव्या यंत्रात नसला की मुखवटा गळून पडतो. 'युनिकोड' या जागतिक पद्धतीत असे होत नाही. तिच्यात जगातल्या बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणतेही असो. १९९१ साली निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी तिच्यात आहे, आणि विंडोज २००० व एक्सपीपासून घरगुती यंत्रांत ती रुळू लागली. त्या गृहस्थांच्या आठवणी पुसल्या गेल्या नव्हत्या. जुना टंक शोधून बसवल्यावर त्या पुन्हा वाचता आल्या, आणि मग एका रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमातून त्या युनिकोडमध्ये आणल्या. जोडाक्षरे तेवढी हाताने सुधारावी लागली. पण मधले तीन आठवडे ते गृहस्थ धड जेवले नाहीत.

नातवाचा हेतू वाईट होता काय? मुळीच नाही. त्याने पैसे खर्च केले, सुट्टीतला वेळ दिला. चुकले ते एवढेच की, त्याने आजोबांना विचारले नाही. ज्याला यंत्र कळते त्याला वाटते की, निर्णयही आपलाच. पण यंत्र कळणे वेगळे आणि त्या यंत्रात कोणाचे काय आहे हे कळणे वेगळे. मुलांनो, आई-वडिलांच्या संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, 'यात तुमचे असे काय आहे, जे गेले तर तुम्हांला वाईट वाटेल?' आणि वडीलधाऱ्यांनो, आपणही हा प्रश्न स्वतःला विचारून ठेवा. जुने यंत्र चालू आहे तोवरच जुना मजकूर नव्या रूपात आणणे सोपे असते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

आता उरला पैशाचा आणि मालकीचा मुद्दा. विंडोज ११ फुकट मिळते, पण ती सर्वच यंत्रांवर बसत नाही. तिला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. इंटेल कंपनीचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५ किंवा २०१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत असलेला संगणक दारातूनच परत पाठवला जातो. एका बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की, या कारणाने सुमारे २४ कोटी यंत्रे भंगारात जाऊ शकतील. आणि भंगाराची स्थिती काय? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६२ अब्ज किलो विद्युत-कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा करून पुनर्वापरात आणल्याची नोंद आहे. उरलेला कुठे तरी जमिनीत, पाण्यात आणि गरिबाच्या फुप्फुसात जातो. चांगली वस्तू फेकून देताना जीव हळहळतो, ती हळहळ केवळ कंजूषपणाची नाही.

मग माणूस रागावून विचारतो, 'यंत्र माझे, पैसे मी मोजले. ते कधी जुने झाले हे ठरवणारी ही कंपनी कोण?' प्रश्न रास्त आहे. आपण यंत्र विकत घेतो, पण त्यातली सिस्टीम विकत घेत नाही, ती वापरण्याचा केवळ परवाना घेतो. घर आपले आणि घराकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या जमिनीतून, असा हा प्रकार आहे. अशा वाटेचा मालक कायम वाट झाडत बसेल अशी अपेक्षा करणे अवाजवी होईल. पण वाट बंद करताना त्याने काय करावे, याला काही न्याय आहे की नाही?

असा न्याय आपल्या लोकांनी दोन देशांत पाहिलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे बरोबर पंचवीस पैसे होत आणि आठ आण्यांचे पन्नास. पण एका आण्याचे सव्वासहा! भाजीवालीशी किती हुज्जत झाली असेल, ते वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. तरी जुनी आणि नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालली, आणि कोणाच्या गाडग्यातला आणा एका रात्रीत खापरी झाला नाही. इथे इस्रायलमध्ये २४ फेब्रुवारी १९८० रोजी लिरा जाऊन शेकेल आला, दहा लिरांना एक. मग १ जानेवारी १९८६ पासून हजार जुन्या शेकेलना एक नवा शेकेल. डोके चक्रावले, पण बाजारहाट चालू राहिली. यावरून न्याय्य बदलाच्या तीन खुणा काढता येतात. लोकांना पुरेशी आगाऊ सूचना हवी, जुने ते नव्यात नेण्याची वाट हवी, आणि जो मागे राहील त्याची काही सोय हवी.

या मापाने मोजले तर कंपनीला आगाऊ सूचनेचे गुण द्यावे लागतील; २०२५ ची तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर होती. नव्या यंत्रांसाठी वाटही फुकट दिली. परंतु जे यंत्र त्या वाटेवर चढूच शकत नाही, त्याच्या मालकासाठी २०२५ मध्ये जी सोय जाहीर झाली, ती एका वर्षाच्या जादा दुरुस्त्यांची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ती ३० डॉलर भरून मिळे, किंवा आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या खात्यात जमा केल्यास मोफत. मोठ्या संस्थांना मात्र पैसे मोजून तीन वर्षांपर्यंत मुदत घेण्याची सोय होती. ज्याची ऐपत कमी त्याला मुदतही कमी, हे मला न्यायाचे वाटत नाही, आणि तसे स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

पण इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कंपनीने आपल्यावर अन्याय केला, म्हणून शेजाऱ्याला धोक्यात घालण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. नगरपालिकेने रस्त्यावरचा दिवा बंद केला, तर तक्रार नगरपालिकेकडे करायची. पण तोवर आपल्या दारासमोरच्या खड्ड्यावर फळी आपणच टाकायची. राग आणि जबाबदारी या दोन वेगळ्या वह्या आहेत, एकीतली बाकी दुसरीत वळती करता येत नाही.

तेव्हा 'जुने की नवे?' हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. त्याऐवजी विचारावे, 'माझ्या या निर्णयाचे ओझे कोणावर पडणार?' या प्रश्नाने गाठी बऱ्याच सुटतात.

समजा, एखाद्या आजोबांकडे जुना संगणक आहे, त्याला इंटरनेटची जोडणी नाही, त्यावर ते फक्त लिहितात आणि छापतात. तो त्यांनी खुशाल वापरावा. विंडोज दहा असो की त्याहून जुनी, ओझे कोणावरच नाही. लिहिलेल्याची एक प्रत मात्र अन्यत्र ठेवावी. आता समजा, एखाद्या बाई संगणकावरून बँकेचे व्यवहार करतात, कुपत होलिमची तारीख घेतात, मुलांना पत्रे पाठवतात. त्यांचे यंत्र दुरुस्तीविना इंटरनेटवर ठेवणे बरे नव्हे. यंत्र अकरा पेलत असेल, तर प्रती काढून, मराठी मजकूर तपासून, सावकाश तिकडे जावे. पेलत नसेल, तर 'लिनक्स' नावाची मोफत सिस्टीम आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला सुरुवात केली, आणि आज जगभरचे लोक तिची निगा राखतात. तिचा 'मिंट' हा प्रकार दिसायला बराचसा विंडोजसारखाच आहे. मराठी व हिब्रू दोन्ही तिच्यावर लिहिता येतात, आणि जुन्या यंत्रांना ती नवे आयुष्य देते. विंडोजसाठी केलेले काही कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत, म्हणून आधी जाणत्याकडून पाहून घ्यावे. तेही जमत नसेल, तर बँकेची व पत्रांची कामे दुरुस्त्या येत असलेल्या दुसऱ्या साधनावर करावीत आणि जुन्या यंत्राची इंटरनेटची तार काढून त्याला लिहिण्याच्या कामाला ठेवावे. म्हाताऱ्या बैलाला कोणी शर्यतीत पळवत नाही, पण म्हणून त्याला कसायाकडेही देत नाही.

तिसरा प्रकार आपल्या मंडळांचा आणि संस्थांचा. त्यांच्या संगणकांत शेकडो कुटुंबांची नावे, पत्ते, वये, फोन नंबर असतात. कोण विधवा एकटी राहते, कोणाला मदत दिली जाते, हेही असते. फसवणुकीचे फोन करणाऱ्याला याहून चांगली यादी कोणती? अशा ठिकाणी 'आमचे चालले आहे, उगाच खर्च कशाला?' हे वाक्य कोणत्याही बैठकीत उच्चारू नये. स्वतःच्या घरी केलेली काटकसर हा सद्‌गुण आहे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेतून केलेली काटकसर हा सद्‌गुण नव्हे, ती उधळपट्टीच होय. फक्त उधळला जातो तो दुसऱ्याचा पैसा. हिशेब तपासताना जशी आपण पै-पैची पावती मागतो, तसे वर्षातून एकदा कार्यकारिणीला विचारावे, 'आमची नावे ज्या यंत्रात आहेत, त्याला टाकी शेवटची कधी लावली?'

हा प्रश्न विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. आणि उत्तर देणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर खर्चाची चर्चा तिथूनच सुरू करावी.